‘जिझेल’, पडदा आणि भाबडेपणा : ‘जुना प्रेक्षक’ यांना उत्तर

नमस्कार.

‘जिझेल’ या बॅलेचं चित्रीकरण पडद्यावर बघताना माझे डोळे भरून आले, असा लेख मी लिहिला होता. त्याखाली आपण ‘जुना प्रेक्षक’ या नावानं लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवून होते. राहवलं नाही.

आधी माझी चूक. ‘जिझेल’चा पहिला प्रयोग पॅरिसच्या पाले गार्निए या नाट्यगृहात झाला, असं मी लिहिलं होतं. प्रयोग झाला २८ जून १८४१ रोजी आणि गार्निए उघडलं १८७५ साली, म्हणजे ते शक्यच नाही. पहिली जिझेल कार्लोत्ता ग्रिसी नाचली ती सॅल ल पेलतिए या जुन्या नाट्यगृहात. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत, आभार.

आता त्या वाक्याबद्दल. “पडद्यावर बघून डोळे भरून आले म्हणणं हा निव्वळ भाबडेपणा आहे, नाट्यगृहात न बसलेल्यांनी बॅलेतल्या भावाबद्दल बोलू नये.” तुमची प्रतिक्रिया बरीच मोठी आहे, पण माझ्या मनात रुतलं ते एवढंच. ‘पटलं नाही’ म्हणाला असतात तर मी काहीच बोलले नसते. ‘बोलू नये’ हे कुणी कुणाला सांगायचं?

मी सांगलीत अकरा वर्षं कथक शिकले. तत्कार, म्हणजे पायांचं काम, घोटून घोटून टाचा सोलवटल्या, पुढे गुडघ्यानं साथ सोडली म्हणून थांबावं लागलं. अभिनय शिकवताना आमच्या बाई माझ्यासमोर हातभर अंतरावर बसायच्या. हस्तक, म्हणजे हाताची हालचाल, बरोबर पडला पण नजर त्याच्यामागे गेली नाही, तर तिथंच थांबवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. नाच लांबूनच बघायचा असतो, हे मला तरी कुणी शिकवलेलं नाही.

आणि मी नाट्यगृहात बसलेच नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? लंडनला बहिणीकडे गेले होते तेव्हा कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये हाच, पीटर राइट यांनी बसवलेला प्रयोग मी पाहिला आहे. परवडलं ते अगदी वरच्या, कडेच्या बाकावरचं तिकीट. तिथून रंगमंचाचा एक कोपरा दिसतच नाही. विली म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुतं. त्यांची राणी मिर्था पायांच्या बोटांच्या टोकांवर सरकत येते, ती मला दिसली तोवर मध्यावर पोहोचलीही होती. पहिल्या अंकाच्या शेवटी, प्रियकरानं फसवल्याचं कळून जिझेलला वेड लागतं, तेव्हा मी कठड्यावर वाकून बघत होते आणि मला दिसत होता तिचा भांग आणि सुटलेले केस. चेहरा नाही. नाट्यगृहात बसण्याचं पुण्य माझ्या वाट्याला आलं ते एवढं.

तोच प्रसंग मी २०१६च्या चित्रीकरणात पाहिला. मारियानेला न्यून्येझ जिझेल, वादिम मुंतागिरोव तिचा प्रियकर आल्ब्रेख्त. सकाळी तिनं फुलाच्या पाकळ्या मोजून ‘आवडते की नाही’ बघितलेलं असतं. आता हातात फूल नाही, तरी बोटं पाकळ्या खुडतात. सकाळच्याच नाचातली पावलं ती अर्धी टाकते आणि सोडून देते. संगीतकार आदामही तेच सूर तुटक परत आणतो. हे सगळं बोटांच्या टोकांवर आणि नजरेत चालतं, आणि कॅमेरा तिथे जवळ गेला म्हणून मला ते मिळालं. माझे डोळे तिथे भरून आले. यात भाबडं काय आहे?

तुमच्या नियमानं रशियन नर्तिका गालिना उलानोवाबद्दलही आज कुणी बोलायचं नाही. तिचं मॉस्कोचं बोल्शोय बॅले १९५६ साली लंडनला आलं, तेव्हा तिचा ‘जिझेल’ पॉल त्सिनर यांनी चित्रित केला. ती तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. आज माझ्यासारख्यांना उलानोवाची जिझेल भेटते ती त्या फितीतूनच. तो कॅमेरा तिथे नसता तर आपल्या हातात दुसऱ्यांनी लिहिलेली वर्णनं उरली असती, आणि ती आपण खाली मान घालून वाचली असती.

बाकी मुद्दे. जिझेल मुळात दुबळ्या हृदयामुळे मरते, तिनं तलवारीनं जीव देणं ही चूक आहे, असं आपण म्हणता. ती चूक नाही. राइट यांच्या १९८५च्या प्रयोगात ती स्वतःला संपवते आणि म्हणूनच तिचं थडगं चर्चच्या आवारात नसून रानात आहे. वाद्यवृंदाच्या लयीबद्दलचं मत आपलं आपल्यापाशी. दुसऱ्या अंकात पांढऱ्या वेशातल्या विलींच्या रांगा एका पायावर उड्या घेत एकमेकींतून पार होतात, तिथे कॅमेरा जवळ गेला आणि आकृती मोडली, असं आपण लिहिलंय. असेल, त्यावर मला आत्ता वाद घालायचा नाही.

पण जाता जाता एक विचारते. पहिल्या अंकात जिझेलची आई बर्था गावातल्या मुलींना विलींची गोष्ट सांगते. तोंडातून एक शब्द नाही, सगळी हातांनी. डोक्यावर हात फिरले की नाच, मनगटं एकमेकांवर ठेवून मुठी खाली आल्या की मरण. मला ती एकदा बघूनच कळली, कारण मी जवळून बघत होते आणि हातांची भाषा अकरा वर्षं शिकले होते. तुम्हाला ती कितव्या रांगेतून कळली?