शेंगदाणे थुंकून जबड्याचा सांधा तपासता येत नाही

जबडा दुखणाऱ्यांसाठी एक ‘घरगुती चाचणी’ सध्या ग्रुपांवर फिरते आहे. भाजलेले शेंगदाणे वीस वेळा चावून थुंका. भरड जाड राहिली तर सांधा झिजला. तोंड उघडताना टक्‌ वाजलं तरी तेच. तीन बोटं उभी आत गेली तर सांधा ठणठणीत. आणि उपाय काय, तर रोज च्युइंगगम चघळा.

शेंगदाण्यांची गोष्ट अगदीच हवेतली नाही. मॅनली आणि ब्रेली या संशोधकांनी 1950 मध्ये शेंगदाणे चावायला देऊन भरड चाळणीतून गाळायची पद्धत मांडली. दाणा दाण्यासारखा नसतो, म्हणून पुढे सिलिकॉनचे एकसारखे तुकडे आले, मग दोन रंगांचं च्युइंगगम; रंग किती मिसळले ते मोजायचं. पण यातून कळतं ते मुख्यतः दाढा किती आहेत, एकमेकींवर किती टेकतात आणि चावण्यात जोर किती आहे. खालच्या दोन दाढा काढलेल्या माणसाची भरड जाडच राहणार, सांधा कितीही धडधाकट असो. कवळी असेल तर बोलायलाच नको.

उलट, सांधा दुखणारा माणूस वीस चाव्यांत छान बारीक भरड करून दाखवू शकतो. त्याचं दुखणं सुरू होतं अर्ध्या भाकरीनंतर, कानशील भरून येतं तेव्हा. मग तो एकाच बाजूने चावतो, मटण सोडतो, भाकरी कालवणात कुस्करतो. चाळणीला यातलं काय दिसणार?

म्हणूनच तज्ज्ञ रुग्णाला विचारतातही. ‘जॉ फंक्शनल लिमिटेशन स्केल’ या, जबडा वापरताना किती अडचण येते ते विचारणाऱ्या प्रश्नावलीत कडक पदार्थ चावणं, जांभई, बोलणं, हसणं अशा 20 गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे असतात, 8 प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. या गुणांचा आणि चाळणीच्या आकड्याचा मेळ अनेकदा बसत नाही. तेवढ्यावरून रुग्णाला नाटकी ठरवणारा डॉक्टर माझ्या मते चाचणीच चुकीची वाचतो.

टक्‌ आवाजाचं म्हणाल, तर तो बहुधा सांध्यातली चकती जागची सरकून परत बसल्याचा असतो. दुखत नसेल, जबडा अडकत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. झिजेचा संशय येतो तो रेती घासल्यासारख्या करकरीने, आणि खात्री करायला स्कॅन लागतो.

तीन बोटं म्हणजे अंदाजे 40 मिलिमीटर. स्नायू ठणकत असतानाही तेवढं तोंड उघडू शकतं. आणि बोटं जात नसतील तर दोष सांध्याचाच असं नाही. आपल्याकडे सुपारी-गुटखा खाणाऱ्यांच्या गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. हा सबम्युकस फायब्रोसिस. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. असा माणूस सांध्याचं दुखणं समजून घरी शेकत बसला तर काय, हे फॉरवर्ड करणाऱ्याच्या डोक्यातही आलेलं नसतं.

राहिलं च्युइंगगम. दमलेल्या स्नायूंना आणखी राबवायचं कशाला? काही दिवस मऊ जेवण, शेक, एरवी दात एकमेकांवर न टेकवता जबडा सैल ठेवणं, इथून सुरुवात होते. दंतवैद्याकडे जाताना कोणता पदार्थ सोडावा लागला, किती घासांनंतर दुखू लागतं आणि कोणत्या बाजूला, एवढं लिहून न्या.