‘डिटेक्टर घ्या, गड गाठा’ : त्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या तोंडावर आल्या की गडप्रेमींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणातल्या जलदुर्गांभोवती लढायांचे अवशेष खच्चून पडलेत. चार दोस्तांनी वर्गणी काढून मेटल डिटेक्टर घ्यावा, ओहोटी बघून किल्ला गाठावा. दहा फूट खोलवरचंही कळतं. सापडेल ते आपलं, कारण वरवर उकरलं तर कायदा लागत नाही. परदेशात सगळे हेच करतात. आणि नाहीतरी ते गंजूनच जाणार, त्यापेक्षा आपण काढून इतिहास वाचवावा. शेवटी ‘जय शिवराय’ असल्यामुळे पुढे न पाठवणाऱ्यालाच अपराधी वाटतं.

हा मेसेज पाठवणारे बहुतेक जण चोर नाहीत. त्यातली कितीतरी पोरं उन्हाळ्यात गडावरची टाकी उपसतात, तटावरची झाडं काढतात. म्हणून नुसतं हसून सोडून देण्यापेक्षा एकेक मुद्दा घेतो.

आधी यंत्राचं, कारण वर्गणी तिथेच जाते. दहा फुटांची गोष्ट विकणाऱ्याची. हातात धरून फिरवायच्या नेहमीच्या डिटेक्टरला नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. तोफगोळ्याएवढा ऐवज आणखी खालचा कळेल, पण दहा फूट विसरा. त्यात आपली जमीन जांभ्याची. जांभ्याचा लाल रंगच लोहाच्या ऑक्साइडचा, आणि एखादा चिरा असा निघतो की यंत्र नाणं सापडल्यासारखं किंचाळतं. पुळणीवर जावं तर ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, तिचाही सिग्नल येतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची, म्हणजे लोह असलेल्या खनिजाची, काळी वाळू आहे, तिची आणखी भर. साधं, एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र घेऊन लाटेच्या काठाने चालून बघा, कुरकुर थांबत नाही. महाग यंत्रं हे पुष्कळ सावरून घेतात. पण सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची चकती यांत त्यांनाही फारसा फरक कळत नाही, आणि आपल्या किनाऱ्यांवर यातलं काय जास्त सापडणार ते सांगायला नको.

‘वरवर उकरलं तर कायदा लागत नाही’ हे साफ खोटं. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, खांदेरी राज्य संरक्षित आहे, आणि हे चारही जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. संरक्षित जागेत परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि ते किती इंच खोल असलं तर चालेल अशी सवलत प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात नाही. मग तटाबाहेर, कुणाच्या आगरात सापडलं तर? तिथे 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि वर तुमचा हिस्साही जातो. मेसेजवाले सांगत नाहीत ती गंमत पुढे आहे. कळवलंत, कुणी मूळ मालक म्हणून पुढे आला नाही आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर ते किंमत देऊन घेतं. म्हणजे प्रामाणिकपणा अगदीच तोट्याचा नाही. विकायला गेलात तर 1972 चा पुरावस्तू कायदा आहे: शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय नाही, आणि खासगी माणसाने ती देशाबाहेर पाठवायची तर मुळीच नाही.

एवढं असून अफवेपुढे कायदा कुणाला आठवत नाही. मार्च 2025 मध्ये एका ऐतिहासिक चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडला सोन्याच्या मोहरांची आवई उठली आणि माणसं रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन दुसऱ्याच्या शेतात खणत बसली. शेताची चाळण झाली, ती मात्र खरी.

परदेशाचं थोडक्यात आटोपतो. इंग्लंडमध्ये हा छंद मोठा आहे, कबूल. पण तिथेही जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळावर डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे, आणि 1996 च्या कायद्यात जे ‘ट्रेझर’ ठरतं ते कळवावंच लागतं. आयर्लंडमध्ये तर पुरावस्तू शोधायला परवान्याशिवाय डिटेक्टर वापरताच येत नाही.

आता खरा मुद्दा: ‘आपण इतिहास वाचवतो.’ इथे मात्र थांबायला हवं, कारण भली माणसं याच वाक्याला भुलतात.

फेब्रुवारी 1756. विजयदुर्गासमोर ॲडमिरल वॉटसनचं आरमार, जमिनीवरच्या फौजेसोबत क्लाइव्ह, आत तुळाजी आंग्र्यांची माणसं. एक पेटता गोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडला, आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि जवळपास सगळं आरमार जळालं. हे इंग्रजांच्या कागदांत आहे. आता समजा किल्ल्याच्या परिसरात तुम्हाला एक गोळा मिळाला, साधारण 14 सेंटीमीटर व्यासाचा. तो 24 पौंडी तोफेचा, एवढं घरी बसूनही सांगता येईल. पण तो समुद्राच्या अंगाला होता की जमिनीच्या? कुठल्या थरात, शेजारी जळकं लाकूड होतं का? मारा कुठून झाला, कागदात लिहिलंय ते खरं का, हे त्या जागेवरून कळतं. पिशवीत टाकलात की उरतं ते लोखंड.

डिटेक्टर वाईट, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत मोंटानात लिटल बिगहॉर्नची लढाई 1876 मध्ये झाली. तिथलं गवत 1983 च्या वणव्यात जळालं, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी छंदवाल्या स्वयंसेवकांनाच डिटेक्टर देऊन रांगेत चालवलं. आवाज आला की झेंडी, मग मोजमाप, मगच वस्तू बाहेर. काडतुसांच्या टोप्यांवरच्या पिनांच्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानावर कुठून कुठे गेली ते त्यांनी काढलं. तिथे मारल्या गेलेल्या अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या शेवटच्या झुंजीची शंभर वर्षांची गोष्ट त्यामुळे तपासून बघावी लागली. यंत्र तेच, दोस्तही तसेच. फरक त्या झेंडीचा.

आणि गंज? एका ओळखीच्या घरी शोकेसमध्ये खाडीतून काढलेला गोळा ठेवलाय. तारेच्या ब्रशने घासून, वर काळा ऑइलपेंट. पहिल्या पावसाळ्यात रंगाला फोड आले, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटायला लागले. खाली ठेवलेल्या रुमालावर दर थोड्या दिवसांनी तपकिरी भुगा पडतो. खाऱ्या पाण्यातल्या लोखंडात मिठातलं क्लोराइड मुरलेलं असतं. चिखलात हवा कमी, म्हणून लोखंड बरंचसं तग धरून राहतं. बाहेर काढून वाळवलं की झपाट्याने फुटतं. प्रयोगशाळेत असा गोळा ओलाच ठेवून अल्कधर्मी द्रावणात कित्येक महिने क्षार काढत बसतात. ऑइलपेंटने ते होत नाही. शिवाय सगळे गोळे भरीव नसतात. पोकळ गोळ्यात स्फोटाची दारू असते, आणि 2008 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात तिथल्या यादवी युद्धातला असाच गोळा साफ करताना एक जाणकार संग्राहक जागीच गेला. ग्राइंडर लावण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

उरला शेवटचा टोमणा: ‘सरकारला दिलं तर गोदामात धूळ खात पडेल.’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गडावरून नेलेल्या वस्तूंचं पुढे काय झालं, हे गावाला कुणी येऊन सांगत नाही, आणि त्यावर चिडायचा गावाला हक्क आहे. पण त्यावर उपाय वस्तू घरी नेणं हा नव्हे. दरड कोसळून किंवा टाकं उपसताना काही दिसलं तर हलवू नका. शेजारी काठी किंवा पेन ठेवून फोटो काढा, फोनवर ठिकाण नोंदवा, जिल्हाधिकाऱ्यांना आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं विभागीय कार्यालय रत्नागिरीतच आहे. पत्राची पोच घ्या. वस्तू नेली तर कुठे ठेवली तेही लिहून मागा, आणि वर्षभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्जावर सगळ्या ग्रुपच्या सह्या गोळा करत बसू नका, एकाचं नाव पुरतं.