मागचं दार, पुढचं दार आणि एल्गन कप

दादा, माझ्या आधीच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं की केनिया-युगांडाच्या महिला रग्बीला मी उगाच ‘कट्टर लढत’ म्हणून फुगवलंय, सगळा एकतर्फी मामला आहे, केनियाच्या पोरी ऑलिंपिकला गेल्या त्याही मागच्या दारानं, आणि रग्बी हा मुळात ‘पुरुषी खेळ’.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘आफ्रिका जिंकून रिओला गेल्या’ असं मी ठोकून दिलं होतं, ते चुकीचंच. पात्रता स्पर्धा साउथ आफ्रिकेनं जिंकली होती, पण खंडाच्या कोट्यातून टीम पाठवायची नाही असं त्यांच्याच ऑलिंपिक कमिटीचं तेव्हा धोरण होतं, म्हणून दुसऱ्या नंबरच्या केनियाला जागा मिळाली, २०१६ ला रिओसाठी आणि पुढे टोकियोसाठीही. मागचं दार म्हणा हवं तर, पण तिथवर स्वतःच्याच पायांनी चालत जावं लागतं ना, दुसरा नंबर कुणी घरपोच आणून देत नाही.

एकतर्फी मात्र नाही हो. २००९ ला दुबईत महिलांचा पहिला सेव्हन्स वर्ल्डकप झाला, त्यात आफ्रिकेतून कोण होतं? साउथ आफ्रिका आणि युगांडा. केनिया घरी होतं! आणि तुम्ही (खरं तर मीही, आधीच्या पोस्टमध्ये) सेव्हन्स आणि फिफ्टीन्सची खिचडी केलीय. ऑलिंपिकमध्ये असतो तो सात जणींचा, चौदा मिनिटांत आटपणारा खेळ, आणि केनिया-युगांडात खेळला जाणारा एल्गन कप म्हणजे पंधरा जणींची ऐंशी मिनिटांची झोंबाझोंबी.

आता लढत कट्टर का, तर माझ्या मते कारण साधं आहे, पैसा. साउथ आफ्रिकेला किंवा मादागास्करला जायचं म्हणजे अख्ख्या टीमची विमानाची तिकिटं, आणि युगांडाची राजधानी कंपालाला केनियातल्या नैरोबीहून रात्रीच्या बसमध्ये बसलं की बुसिया नाहीतर मलाबाला बॉर्डर ओलांडून साडेसहाशे किलोमीटरवर सकाळी उतरता येतं. म्हणजे परवडणारी प्रतिस्पर्धी एकच, शेजारीण. कपाला नावसुद्धा बॉर्डरवरच्या ४,३२१ मीटरच्या माउंट एल्गनचं. आणि मॅचेस कमी मिळाल्या की काय होतं ते २०२१ ला दिसलं, फिफ्टीन्सच्या वर्ल्डकपच्या वाटेवर केनिया नैरोबीत, स्वतःच्या घरी, कोलंबियाकडून १६-१५ ने हरलं. एक पॉइंट! वर्षाला अजून चार टेस्ट, म्हणजे आंतरराष्ट्रीय मॅचेस, मिळाल्या असत्या तर तो एक पॉइंट कुठूनतरी निघाला असता असं मला अजून वाटतं.

तुम्ही स्कोर बघता, मी नैरोबीतल्या न्गाँग रोडच्या ग्राउंडवर बसून एल्गन कप बघितलाय. महिलांची मॅच आधी, पुरुषांची नंतर, त्यामुळे स्टँड अर्धा रिकामा आणि मागून न्यामा चोमाचा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाचा, धूर. युगांडाच्या पोरी केनियाच्या गोललाइनपासून पाच मीटरवर. बॉल उचलायचा, डोकं खाली घालून घुसायचं, पडायचं, पुन्हा तेच. आठ-नऊ वेळा तरी झालं असेल. केनियाची एक बुटकी पोरगी दर वेळी कंबरेत घुसत होती, आपल्या कबड्डीत कोपऱ्यातली खेळाडू घुसते ना अगदी तशी, आणि दर वेळी उठताना शॉर्ट्सवरची माती न झटकता परत जागेवर. शेवटी बॉल सुटला तेव्हा माझ्या शेजारचे युगांडाचे काका पिशवीतून शेंगदाणे काढून मला देत म्हणाले, ‘हिला आमच्याकडे पाठवा.’

‘पुरुषी खेळ’वर जास्त लिहीत नाही. कबड्डी खेळणाऱ्या पोरींच्या महाराष्ट्रात राहून तुम्ही हे लिहावं म्हणजे कमाल आहे.

रिओचं वाक्य दुरुस्त केलंय, खाली तुमच्या कमेंटचा उल्लेखही टाकलाय. ‘कट्टर’ मात्र तसंच ठेवलंय.