ऑडियन्स म्हणावं की मॉब?

पोराला इंग्लिश मिडियमला घातलंय ना? मग भाऊंच्या सत्काराची बातमी इंग्रजीत लिहायचं काम आज ना उद्या तुमच्याच गळ्यात पडणार. तेव्हा सरसकट ‘पीपल’ लिहून अब्रू घालवू नका. इंग्रजाने माणूस आला कशाला, हे पाहून शब्द ठेवलेत.

ऑडियन्स हा लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदावरून आलेला. म्हणजे ऐकणारे. आता मे महिना, परभणीचं ऊन, सभा दुपारी दोनची आणि भाऊ आले साडेपाचला. शेजारच्या आजोबांना मी विचारलं, “काय बोलायलेत हो?” म्हणाले, “काय की बा. टेम्पो कधी निघतोय ते बघायलो.” मांडवात ऐकणारा एकटा माईकवाला, तोही पैसे यायचे होते म्हणून. तरी तुम्ही ऑडियन्सच लिहा, खुर्च्यांचं भाडं दिलंय.

बघणारे ते स्पेक्टेटर. नाटकाला ऑडियन्स, कुस्तीला स्पेक्टेटर. माळेगावच्या जत्रेत फडाभोवती उभे राहून जे लंगोटवाल्यापेक्षा जास्त घाम गाळतात, ते हेच. सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला बसतात ती काँग्रिगेशन. या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘कळप’ आहे, महाराजांना सांगू नका.

गेस्टपाशी मात्र जरा थांबा, इथे माणसं दुखावतात. आपल्याकडे लग्नात ज्याच्या डोक्याला फेटा बांधला तो गेस्ट. फेटे संपल्यावर ज्याच्या हातात नुसता नारळ आला तो अटेंडी, आणि तो पुढची पाच वर्षं बोलत नाही. चीफ गेस्ट म्हणजे जो आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, मुहूर्त गेला तरी. गेस्ट आणि होस्ट हे शब्द मुळात एकाच प्राचीन धातूतून फुटले. त्यामुळे सत्काराची शाल सत्कारमूर्तीनेच विकत आणली असेल, तर व्याकरणाची चूक धरत नाहीत.

डेलिगेट म्हणजे कुणीतरी धाडलेला. 2022 ला उदगीरला 95 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा आमच्या गल्लीतले चौघे गेले होते. घरच्यांनीच धाडलं होतं, तीन दिवस घर शांत राहावं म्हणून. अगदी अस्सल डेलिगेट.

राहिले क्राउड आणि मॉब. क्राउड नुसती जमते. मॉब हा ‘चंचल जनता’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीचा सतराव्या शतकात कापलेला तुकडा. फरक बारीक आहे, पण त्या सभेत मला तो डोळ्यांनी दिसला. भाऊ “शेवटचे दोन शब्द” तिसऱ्यांदा बोलत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “बुंदी संपायली रे!” क्षणात मांडव मोकळा. खुर्च्या उलट्या, आचारी झारा घेऊन टेम्पोच्या टपावर.

बातमीत मी लिहिलं, ‘एन्थुझिॲस्टिक ऑडियन्स’. भाऊंना शब्द फार आवडला.