परदेशातून: फोनला शेपट्या कोणाला हव्यायत?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत मॉड्युलर फोनचा, म्हणजे सुटे भाग (मॉड्युल) काढून-जोडून वापरायच्या फोनचा, वाद पेटलाय. एकाने सेकंडहँड सीएमएफ फोन 1 घेतला, तोच जो 2024 च्या जुलैमध्ये 15,999 ला आला होता, चार स्क्रू काढले की मागचं कव्हर बदलता येतं आणि कोपऱ्यातल्या गोल चकतीला स्टँड, दोरी, कार्डांचं पाकीट असलं काय काय लावता येतं. तो म्हणतो हेच भविष्य आहे, बाकीचे म्हणतायत खेळणं आहे, आणि शेवटी सगळे माझ्याकडे वळले, "तू तिकडे असतोस, तुमच्याकडे काय चालतं सांग." मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, फिलिप्सच्या गावात, राहतो म्हणजे यांना वाटतं मी फिलिप्सचा जावई आहे.

पण गंमत म्हणजे या खुळाचं एक मूळ खरंच आमच्या गावात आहे. इथल्या डिझाइन अकॅडमीत शिकणाऱ्या डेव्ह हाकेन्सने 2013 मध्ये फोनब्लोक्सचा व्हिडिओ टाकला, लेगोसारखा ठोकळ्यांचा फोन, जो ठोकळा बिघडला तेवढाच बदला. व्हिडिओ जगभर फिरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तेव्हा गुगलकडे असलेल्या मोटोरोलाने तसाच ठोकळ्यांचा फोन करायचा प्रोजेक्ट आरा जाहीर केला आणि 2016 च्या सप्टेंबरमध्ये तो गुंडाळलाही. गुंडाळायच्या आधीच त्यात प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी सगळं पक्कं बसवलेलं होतं, म्हणजे मुळात जे बदलायचं होतं तेच गेलं आणि कॅमेरा-स्पीकरसारखी हौस तेवढी उरली.

त्याच वर्षी एलजीचा जी5 आला होता, कोणाला आठवतोय का? खालचा भाग ओढून काढायचा आणि कॅमेऱ्याची मूठ नाहीतर ऑडिओचा तुकडा लावायचा, पण बॅटरी त्याच खालच्या भागाला अडकवलेली, त्यामुळे काढलं की फोन बंद! पोरगं केक कापतंय आणि बाबा फोन परत चालू व्हायची वाट बघतायत. पुढच्या वर्षी जी6 मध्ये हे सगळं गायब.

मोटोरोलाच्या मोटो झेडचं काम त्यामानाने सुबक होतं, जोडायचा तुकडा, म्हणजे मॉड, मागे चुंबकाने खटकन चिकटायचा, बंद-चालू करायची भानगड नाही. पण हॅसलब्लाडच्या झूम कॅमेऱ्याचा मॉड भारतात 19,999 ला आणि झेड प्ले हा आख्खा फोनच 24,999 ला, मग सामान्य माणूस कशाला घेईल? शिवाय जुने मॉड नव्या फोनला बसायला हवेत म्हणून नव्या फोनचा आकारही तोच ठेवावा लागला, म्हणजे शेपटीनेच कुत्र्याला हलवलं.

आता माझं मत. लोकांना जोडण्या नको असतात असं नाही, पॉवर बँक, मागे चिकटवायची रिंग सगळे घेतात की, पण त्या स्वस्त असतात, कुठल्याही फोनला चालतात आणि फोन बदलला तर वाया जात नाहीत. एकाच मॉडेलला बसणारी वस्तू म्हणजे एका साडीवर शिवलेलं ब्लाउज.

आणि खरी गरज आहे सुट्या पार्टांची. ही गोष्ट मला इथे येऊन कळली. माझ्या फोनचा चार्जिंग पोर्ट गेला तर इथल्या दुकानात 85 युरो आणि आठवडाभर थांबा म्हणाले, मी डिसेंबरपर्यंत वायरलेस चार्जरवर काढलं आणि पुण्यात तापकीर गल्लीत एका पोराने चहा येईपर्यंत करून दिलं, सहाशे रुपयात. जिथे हात स्वस्त आहे तिथे दुरुस्तीवालाच आपला मॉड्युल आहे राव. इथे हात महाग, म्हणून घरीच पार्ट बदलता येतील असे फोन बनवणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या फेअरफोनला अर्थ आहे, माझ्या ऑफिसातल्या एकाने कँटीनमध्ये बसून नखाने मागचं झाकण उघडून बॅटरी बदलली, आपल्या जुन्या नोकियासारखी. पण तो फेअरफोन 5 आला तेव्हा 699 युरोला होता, आणि खरं सांगू तर इथेही ट्रेनमध्ये बहुतेकांच्या हातात आयफोन नाहीतर सॅमसंगच दिसतो.

म्हणून इथे गाडी कायद्याने ढकलतायत. 20 जून 2025 पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनचे महत्त्वाचे पार्ट, मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत असा नियम आहे. याला कोणी मॉड्युलर म्हणत नाही, जाहिरातही नाही, पण माझ्या आईला हेच हवंय. तिला चार स्क्रूंचं कौतुक सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मग बॅटरी बदलता येते का?" सीएमएफमध्ये कव्हर काढलं तरी बॅटरी हाताला लागत नाही, हे मी ग्रुपवर टाकलं तर मित्राने नारिंगी कव्हरचा फोटो टाकला, "पण दिसतो कसला भारी बघ." दिसतो खरा.

माझ्या फोनच्या बॅटरीची क्षमता जुनी होऊन 78 टक्क्यांवर आलीय. डिसेंबरचं तिकीट काढलंय, तोवर चालली म्हणजे झालं.