बघे, तटस्थ आणि ‘बघ्याची भूमिका’

‘पोलिसांनी बघ्याची भूमिका घेतली.’ ‘प्रशासनाची बघ्याची भूमिका.’ पेपरात हे वाचलं की डोकं सणकतं. अहो, बघ्या म्हणजे ज्याचा त्या भानगडीशी काडीचाही संबंध नाही असा माणूस. जाता जाता थांबला, टाचा उंचावून पाहिलं, ‘काय झालं हो?’ विचारलं आणि आपल्या वाटेनं गेला. ज्याला त्याच कामाचा पगार मिळतो तो बघ्या कसा? तो कामचुकार! बघ्या म्हणून आपण त्याला फुकटात सोडतो.

अस्सल बघे पाहायचे तर पावसाळ्यात गंगेवर या. (नाशिककराची गंगा म्हणजे गोदावरी, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की होळकर पुलावर ही झुंबड. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, आता छातीला! काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत चढतं का, यावर पैजा. कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं, कुणी कठड्याबाहेर मोबाइल धरलेला, आणि पाठीमागून ‘सरका की थोडं’ चालूच. यांना खुशाल बघे म्हणा. पूर काही त्यांनी आणलेला नाही आणि त्यांच्यानं ओसरणारही नाही. जीवरक्षकांची वाट तेवढी अडवू नका.

आता गंमत बघा. तटस्थ म्हणजे मुळात तटावर उभा असलेला. म्हणजे घाटावरचा बघ्या शब्दशः तटस्थच की! पण मान मिळतो तो तटस्थाला, कारण पंचासारखा त्याला शेवटी निकाल द्यायचा असतो. बघ्याला फक्त घरी जाऊन सांगायचं असतं. पाहणाऱ्यानं तिकीट काढलं की तो प्रेक्षक, कोर्टात गेला की साक्षीदार, फारच थोर झाला की द्रष्टा. फुकट पाहणारा तेवढा बघ्या.

अपघाताभोवतीच्या कोंडाळ्याला मात्र हा शब्द लावताना माझी जीभ अडखळते. ‘नसतं पोलिसांचं लचांड नको’ ही सबब आता चालत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूनं जखमीला मदत करताना काही चुकलं, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. १०८ ला फोन लावायला तर पैसेही पडत नाहीत. तरी हातातल्या मोबाइलवर माणूस व्हिडिओच काढत बसतो.

त्याला बघ्या म्हणणं म्हणजे गंगेवरच्या बघ्यांचा अपमान आहे. दुसरा शब्द सुचत असेल तर कमेंटमध्ये टाका. शिव्या सोडून. त्या मला येतात.