‘ओझं ते ओझंच’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल वाचली, तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर ते बरं झालं नसतं. आज पुन्हा वाचली. राग थोडा उतरलाय, पूर्ण नाही.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटर बसवलेल्या लेगो ट्रकला चढावर चढवायचं असेल, तर सहा एए सेलचा बॅटरी बॉक्स चॅसीत जितका खाली आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या जितका जवळ बसेल तितका बसवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “ओझं ते ओझंच, खाली ठेवा नाहीतर टपावर ठेवा. हलकी लिथियम पॉलिमर बॅटरी घेतली की विषय संपला. पुस्तकी पंडितांनी पोरांना चुकीचं शिकवू नये.” पुढे टायर, स्टीअरिंग आणि माझ्या फोटोंवरही ताशेरे आहेत.

‘पुस्तकी पंडित’ हे कुठून आलं? माझे वडील मालट्रक दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी गॅरेजात असायचो, स्पॅनर उचलून देणं हे माझं काम. माल मागे रेटून भरला की स्टीअरिंग हलकं पडतं, गाडी वळायला ऐकत नाही, ही तक्रार घेऊन आलेले ड्रायव्हर मी लहानपणापासून पाहिलेत. वडील आधी टायर बघायचे नाहीत, माल कसा लादलाय ते बघायचे. लेगोचे ट्रकही मी पॉवर फंक्शन्सच्या (लेगोच्या विजेवर चालणाऱ्या भागांच्या मालिकेतल्या) मोटरी बाजारात आल्यापासून, म्हणजे २००७ पासून जोडतोय आणि मोडतोय. मतभेद जरूर असावेत. पण समोरच्याने हातात ब्रिक कधी धरलीच नसेल असं गृहीत धरून बोलायचं, ही कुठली रीत?

आता ‘ओझं ते ओझंच’.

पंचवीस स्टडचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, घ्या. स्टड म्हणजे ब्रिकवरची गोल गाठ, लेगोतलं मोजमापाचं एकक; एक स्टड ८ मिलिमीटरचा, म्हणजे २०० मिलिमीटर. सपाट जमिनीवर निम्मं वजन पुढे, निम्मं मागे. हा ट्रक ३० अंशांच्या चढाला लावा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० मिलिमीटरवर असेल, तर पुढच्या चाकांच्या वाट्याला साधारण ३३ टक्के भार उरतो. तोच बॉक्स वर चढवून गुरुत्वमध्य १०० मिलिमीटरवर नेला, तर उरतात जेमतेम २१ टक्के. एक ग्रॅमही वाढलेला नाही! आणि बॉक्स वर असून शिवाय मागेही सरकला, सपाटीवरच पुढे ३५ टक्के भार राहिला, तर त्या चढावर पुढच्या चाकांकडे ६ टक्के उरतील. एवढ्यात ट्रक वळत नाही. पुढची चाकं डावी-उजवी होत राहतात आणि ट्रक सरळच घसटत जातो. एखादा खडा मागच्या चाकाखाली आला की नाक वर उचललं जातं आणि ट्रक पाठीवर पडतो.

आडव्या उतारावरही तेच. दोन चाकांमधलं अंतर ११२ मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६० वर असेल, तर ट्रक ४३ अंशांच्या आसपास कलंडतो. गुरुत्वमध्य ८० वर गेला की ३५ अंशांतच. सस्पेन्शन मऊ असेल तर त्याच्याही आधी, कारण ट्रक त्या बाजूला झुकतो. वीस मिलिमीटर म्हणजे अडीच स्टड. बॉक्स केबिनच्या मागे उभा ठेवला की एवढा फरक पडायला वेळ लागत नाही. हे सगळं ‘ओझं ते ओझंच’ या तीन शब्दांत तुम्ही उडवून लावलंत.

एक गोष्ट मान्य आहे. सपाट फरशीवर वेगच हवा असेल तर हलका ट्रक जिंकतो, आणि अ‍ॅक्सलवर पीळही कमी पडतो. पण माझा लेख चढावर चढणाऱ्या ट्रकवर होता, हे शीर्षकातच लिहिलंय. आणि अ‍ॅक्सल पिळवटण्यावरचा इलाज वजन काढणं एवढाच नाही. वेग कमी करून जोर वाढवणारी गिअरची जोडी चाकाजवळ घ्या. लेगोच्या २०११ च्या युनिमॉग ट्रकच्या सेटमधले पोर्टल हब, म्हणजे चाकापाशीच गिअर असलेले हब, तेच करतात: टॉर्क (फिरवण्याचा जोर) शेवटच्या टप्प्यात वाढतो, त्यामुळे मधल्या अ‍ॅक्सलला आणि युनिव्हर्सल जॉइंटला तो सोसावा लागत नाही.

बॅटरीबद्दल. तुमची लिथियम पॉलिमर ७.४ व्होल्टची. सहा अल्कलाइन सेल नवे असताना ९ व्होल्ट देतात, पण मोटरीवर जोर आला की त्यांचा व्होल्टेज चांगलाच खाली बसतो. निकेल मेटल हायड्राइडचे सहा सेल ७.२ व्होल्टचे, पण जोराखाली फारसे ढासळत नाहीत, म्हणून चढावर मी तेच वापरतो. सहा अल्कलाइन सेलचं वजन १४० ग्रॅमच्या आसपास, हायड्राइडचं त्याहून थोडं जास्त. ते मला तळाशी हवंच आहे. लिथियम पॉलिमर वाईट आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. दोन एक्सएल (मोठ्या आकाराच्या) मोटरी एकदम अडल्या की तिचं संरक्षण सर्किट वीज तोडतं आणि ट्रक चढाच्या मध्यावर मेल्यासारखा थांबतो, एवढंच म्हटलं होतं. तुम्ही ते वाचलं नाहीत, किंवा वाचून सोडून दिलंत.

टायर आणि स्टीअरिंगवर बोलायचं तर वेगळा लेख होईल. फोटोंवर मला काहीच म्हणायचं नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्याच ट्रकमध्ये तुमचीच बॅटरी एकदा टपावर आणि एकदा तळाशी, पुढच्या अ‍ॅक्सलपाशी बसवा. ट्रक फळीवर आडवा उभा करा, फळीची एक कड हळूहळू उचला आणि वरच्या बाजूची चाकं फळी सोडतात तो कोन मोजा. मग नाक वरच्या दिशेला करून तीच फळी ३० अंशांवर टेकवा आणि ट्रक वळवून बघा. चारही निकाल इथेच लिहा, मी जसेच्या तसे ठेवीन. फक्त या खेपेला ‘पंडित’ वगैरे नको.